ओव्हनला चढलेला ताप

बदलापूर, शनिवार, १२ डिसेंबर १९९८

जिंकलो! उद्या नातीचा वाढदिवस, आणि सूनबाईचा नवा ओव्हन केक अर्धा भाजला की 'ई-थ्री' दाखवून बंद पडत होता. उल्हासनगरचा मेकॅनिक म्हणाला, "पॅनल गया, काका." मला पटेना. गार असताना चालतो, तापला की अडतो. मग ई-थ्री म्हणजे याला ताप तर नाही? मागे हात घातला, तर हवेच्या जाळीवर आमच्या हिचा क्रोशाचा रुमाल! टीव्हीला, फ्रिजला, तसा ओव्हनलाही घातलेला. काढला. केक टम्म फुगला, ई-थ्रीचं नाव नाही.

ही मात्र फुरंगटली. "माझा रुमालच नडला ना?"

"अगं, तापलेल्याला गोधडी घालतात का?"

हसली एकदाची. तो रुमाल उद्या केकखाली अंथरायचा, असं सूनबाईनेच ठरवलंय.