रिकाम्या रकान्यातलं शून्य

सोमवार, ६ ऑक्टोबर
३.२! श्वसनाच्या विषाणूसाठी तपासलेल्या लहान मुलांच्या शंभर नमुन्यांत तीनच्या वर बाधित निघाले की आम्हा दवाखान्यांचे आकडे जमवणाऱ्यांचे कान टवकारतात. पण सलग दोन सोमवार तसं व्हायला हवं, मगच मी साथ सुरू झाल्याचं कळवायचं. मी कळवलं की दुसऱ्या दिवसापासून अपुऱ्या दिवसांच्या बाळांना संरक्षक इंजेक्शन. त्याआधी नाही — डोस मोजके आहेत.

मंगळवार, ७ ऑक्टोबर
धाकट्या बहिणीचा फोन. तिचं पिल्लू सातव्या महिन्यातच आलेलं, आता कुठे अडीच किलो भरलंय. "ताई, तुझी ती साथ एकदाची सुरू कर की!" दोघी हसलो. फोन ठेवल्यावर माझं हसू टिकलं नाही.

सोमवार, १३ ऑक्टोबर
२.८. रेषेखाली.
पुलापलीकडचा दवाखाना: नमुने चाळीस, बाधित शून्य. मागच्या आठवड्यात तिथेच पाच होते. एरवी मी तिथल्या सिस्टरना लगेच फोन लावला असता. आज फोनपर्यंत गेलेला हात मागे घेतला. शंका मला येतेय, की बाळाच्या मावशीला? भाच्यासाठी आकडे उकरायचे नाहीत. २.८ पाठवून दिलं.
साहेब म्हणाले, तुमच्याइतकं काटेकोर इथे कोणी नाही. बरं वाटलं — तेही लिहून ठेवते.

गुरुवार, १६ ऑक्टोबर
ते शून्य डोक्यातून जात नाही.

सोमवार, २० ऑक्टोबर
तिथून पुन्हा शून्य. आज मात्र फोन केला. सिस्टर दहा दिवस खोकल्याने अंथरुणात. निकालांचे कागद त्यांच्या टेबलावर तसेच पडून. बदलीवरच्या कारकुनाने रिकाम्या रकान्यात शून्य भरलं — त्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही म्हणे. गेल्या आठवड्यातले खरे बाधित सहा. म्हणजे तेव्हाच ४.० होतं! पाच मिनिटांचा फोन.
दुपारी साथ सुरू झाल्याचं कळवलं. साहेबांना सगळं सांगितलं. त्यांच्या मते चूक दवाखान्याची. नाही. बाळ परक्याचं असतं तर मी फोन केला असता.

मंगळवार, २१ ऑक्टोबर
इंजेक्शन सुरू झालं म्हणून धाकटीला कळवायला गेले. बाळ शनिवारपासून शिंकतंय, दूध ओढत नाही. संध्याकाळी हॉस्पिटलात. नाकाला ऑक्सिजन.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर
ऑक्सिजन काढला. आता धोका नाही म्हणतात. धाकटी माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "तुझ्या हातात असतं तर तू आधीच सुरू केलं असतंस, ताई."
मी हो म्हटलं.