भिंगरीची जुनी चप्पल

तीर्थरूप आईस, इतक्या लांबून जमेल तेवढं वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. इथे थंडी आहे, पण चपलांच्या कारखान्यात आम्ही सगळे खेटून बसतो, त्यामुळे जाणवत नाही. बाबांचा खोकला गेला का? खरं लिही.

भिंगरीला वाढदिवसाला काय द्यावं, याचा मला घोर लागला होता. तिचा पाय बरा झाला, असं तू लिहितेस. पण तू अंगात ताप असतानाही "बरी आहे" असंच लिहितेस. चपला शिवाव्यात आणि ती लंगडत असली, तर तिच्या मनाला लागेल. शाल पाठवावी, तर म्हणेल, दादाने मला आजारीच ठरवलं.

म्हणून मापाचं निमित्त करून तिची रोजची चप्पल मागवली, प्लास्टर निघाल्यावर घेतलेली. लंगडणाऱ्याची एकच चप्पल जास्त झिजते. मामाने पिशवी आणून दिली, पण उघडायचा धीर होईना. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्या कारागिरालाच उघडायला लावली. त्याने दोन्ही तळ उलटे करून पाहिले आणि म्हणाला, "दोन्ही टाचा सारख्याच गेल्यात. हिला चपला कसल्या देतोस, दावं पाठव."

आई, मी हसता हसता डोळे पुसले.

लाल चामडं निवडलंय, टाच थोडी उंच ठेवतोय. जुनी चप्पल माझ्याकडेच राहू दे. भिंगरी ती अजून घरभर शोधत असेल, तरी सांगू नकोस. शोधू दे. चांगले दोन पाय आहेत तिला.

तुझा थोरला