तळेघरला गेलेली पहिली गाडी

गुरुवार, ९ डिसेंबर २००४

रविवारी जायचं नक्की! चाकणच्या पुढं कुणा हौशी कारखानदारानं जुन्या ट्रक-बसगाड्यांचं संग्रहालय काढलंय. पेपरात छापलेलं नाव भलतंच जड – 'व्यावसायिक वाहन वारसा दालन'. ह्यांनी ते मोठ्यानं वाचलं तर आबा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "म्हंजी भंगार. सरळ सांगा की." पण कान टवकारले होते म्हाताऱ्यानं. तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस, डोळ्यांनी दगा दिला म्हणून दोन वर्षं घरी बसून आहे.

सगळ्यात जास्त आनंद प्राचीला. शाळेच्या संमेलनात तिला 'माझे आजोबा' यावर बोलायचंय. त्यासाठी आबांची ती गोष्ट तिनं वहीत उतरवून काढलीय – अडुसष्ट साली डोंगरावरच्या तळेघरला पहिली पिठाची गिरणी आली, ती वर पोचवणारा ट्रक आबांनी चालवला. तेव्हा वर रस्ता नव्हता, नुसती बैलगाडीची वाट. ही गोष्ट मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. दरवर्षी तिच्यात एक वळण वाढतं आणि दरी हातभर खोल होते. मला ती निम्मी तरी थाप वाटते. पण पोरीसमोर कशाला बोलू? तिचा सगळा जीव आजोबांत.

शनिवार, ११ डिसेंबर

आबांनी उद्याची दाढी आजच केली. उद्या पुन्हा करणार म्हणे.

रविवार, १२ डिसेंबर

हात दुखतोय पण आज लिहिलंच पाहिजे.

सकाळच्या एसटीनं मंचर, तिथून दुसरी गाडी, मग वडापची जीप. पोचेस्तोवर दहा वाजले. बाहेरून नुसती पत्र्याची शेड. मी मनात म्हटलं, घ्या, भाकऱ्या बांधून गोदाम बघायला आलो. आणि आत पाऊल टाकलं मात्र –

किती त्या गाड्या! एका ट्रकची चाकं लाकडी आऱ्यांची, थेट बैलगाडीसारखी. एक बस अशी की छपरावर जायला मागं शिडी आणि भोंगा रबरी. हँडल मारून चालू करायची दुधाची गाडी. एका ट्रकचं एक चाक प्राचीच्या खांद्याला लागत होतं. मी पंचायत समितीत आवक-जावकच्या टेबलाला बसते. रस्त्यानं शंभर ट्रक जातात, मान वर करून कधी बघितलं नाही. आज त्या गाड्यांपुढं उभं राहिल्यावर देवळात उभं राहिल्यासारखं झालं. खरंच, चप्पल काढावी असं वाटलं. एवढं लोखंड कुणी घडवलं, कुणी हाकलं, किती गावांची मीठमिरची ह्यांच्या पाठीवरून गेली!

माहिती सांगायला समरीन नावाची मुलगी होती. जुन्नरची, इंजिनिअरिंगला आहे, रविवारी इथं येते. ती सांगायची त्याच्या आधीच आबा सांगायचे. "हिला उतारावर दुसऱ्याच गियरमधी ठेवावी लागती." "हिचा बिरेक दोनदा दाबल्याबिगर लागत न्हाई." ती पोरगी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. हे मला हळूच म्हणाले, "आपला म्हातारा भारी आहे राव." मलाही आज पहिल्यांदा तसंच वाटलं.

शेवटच्या रांगेत एक हिरवा ट्रक. आबा थांबले. बॉनेटवर हात ठेवला आणि काढलाच नाही. म्हणाले, "हीच ती."

तोच ट्रक! जुन्नरच्या मालकाच्या नातवांनी संग्रहालयाला दिलाय. खाली पाटी – 'तळेघरपर्यंत पोचलेली पहिली मालमोटार, १९६८. पिठाची गिरणी घेऊन गेली.' म्हणजे गोष्ट खरी होती! प्राची तर ओरडलीच, "हा माझ्या आजोबांनी चालवला!"

समरीननं पाटीवर बोट ठेवलं. खाली बारीक अक्षरांत – 'चालक: सावळेराम, राहणार लोणी.'

ती बिचारी अवघडली. म्हणाली, "मालकांच्या घरून फेऱ्यांची वही आली, तिच्यात हेच नाव आहे. पण वही चुकू शकते. आजोबा, तुम्ही चालवला असेल तर सांगा. हे नाव काढून तुमचं घालू. चालक एकच लिहितात."

आम्ही सगळे आबांकडं बघतोय. ते पाटीकडं. वाचता येत नाही त्यांना नीट, तरी बघत राहिले.

"वही बराबर हाये," म्हणाले. "सावळ्याच चालवत व्हता. मी किन्नर व्हतो."

किन्नर! म्हणजे गाडी पुसणारा, हवापाणी बघणारा, मागं लटकून जाणारा. प्राचीचा चेहरा मला बघवला नाही.

मग समरीननं विचारलं, किन्नर चढावर काय करायचा? आबा सांगायला लागले. गाडीच्या मागं चालायचं. हातात दोरी, दोरीला लाकडी ठोकळा. गाडी दम खायला थांबली की पळत जाऊन ठोकळा चाकाखाली सारायचा. चुकलं तर गाडी, गिरणीचं इंजिन, जात्याचे दगड, सगळं अंगावर. पुन्हा निघाली की ठोकळा ओढत मागं. सकाळी निघाले ते दिवस मावळताना वर. "चालवणाऱ्याचं काय, तो पुढं बघतो. मागं मरण घिऊन चालतो तो किन्नर. लई मोठा मानूस तो." शेडमधली वीसपंचवीस माणसं जवळ सरकली. मला राग आलेला होता, तरी मी गुंगून ऐकत होते. फक्त स्वतःलाच 'लई मोठा मानूस' म्हणणं मला जरा जास्त वाटलं.

भाकऱ्या तशाच परत आल्या.

सोमवार, १३ डिसेंबर

प्राचीनं वहीतली पानं फाडली. संमेलनात आता 'माझी आई' यावर बोलणार. मी काय केलंय बाई बोलण्यासारखं!

बुधवार, १५ डिसेंबर

हे आज जेवताना बोललेच. "आबा, इतकी वर्षं आम्हाला का फसवलं? किन्नर होता तर काय लाज होती?" आबा ताटातच बघत होते. "बोलन्यात आलं," एवढंच. प्राची ताट घेऊन आत जाऊन जेवली. आजोबांना तिनं तीन दिवसांत हाक मारलेली नाही. रोज संध्याकाळी ती त्यांना पेपर वाचून दाखवते – आज पेपर घडी न मोडता पडलाय.

मी म्हाताऱ्याची थट्टा करायची ती घरातली गंमत होती. पोरीनं पाठ फिरवणं वेगळं. मला मनापासून वाईट वाटतंय त्यांचं, आणि रागही येतोय. दोन्ही एकदम.

बुधवार, २२ डिसेंबर

ऑफिसच्या कामानं तळेघरला जावं लागलं. नेहमी एसटीत बसले की डोळा लागतो. आज खिडकीला नाक लावून बसले.

काय तो चढ! डांबर आहे, कठडा आहे, तरी ड्रायव्हर प्रत्येक वळणावर गाडी अगदी कडेला नेतो आणि मी समोरची दांडी घट्ट धरते. खाली बघितलं की खाचरं पत्रावळीएवढी दिसतात. आणि ह्या वाटेनं, रस्ता नसताना, एक माणूस ट्रकच्या मागं ठोकळा ओढत दिवसभर चालला. एक माणूस आत बसून चालवत राहिला. कोण कुठं होता याचं मला आज काही वाटेना. दोघंही माणसंच होती, आपल्यासारखी भाकरी खाणारी – याचंच नवल वाटत राहिलं.

वर एका म्हातारीला विचारलं, गिरणी आली तेव्हाचं आठवतं का? म्हणाली, "आठवतं तर! आमी बाया त्या गाडीच्या पाया पडलो. दुसऱ्या दिवशी पहाटं जातं वढलं न्हाई. तवा कळलं, पहाटं झोप लागती."

घरी येऊन प्राचीला सांगितलं. ऐकलं तिनं. म्हणाली, "पण ते खोटं बोलले ना?"

शनिवार, १ जानेवारी २००५

समरीनचा शेजारच्या फोनवर निरोप – लोणीला सावळेरामच्या बायकोचा पत्ता लागला. काल तिला पुतण्यानं नेऊन पाटी दाखवली. घोडेगावच्या रखमाजींनी, म्हणजे आमच्या आबांनी, येऊन नाव बरोबर असल्याचं सांगितलं, हेही समरीननं तिला सांगितलं.

आबांना हे सांगितलं तर ते उठून गोठ्यात गेले.

रविवार, २ जानेवारी

सकाळी नऊच्या एसटीनं अंबाबाई हजर. सावळेरामची बायको. मूलबाळ नाही, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्या उभ्या आबांना म्हणाली, "भावजी, पाटी खोटी हाये. ह्यांचा हात मोडून गळ्यात व्हता तवा. एका हातानं ठोकळा वढीत हे मागं चालले. गाडी तुमी वर नेली. तुमच्याकडं लायसन नव्हतं म्हनून वहीत ह्यांचं नाव. मरस्तवर हेच सांगत व्हते मला, रखमाजीनं नेली."

प्राची दारात उभी होती. तिनं विचारलं, "मग आबा, तुम्ही तिथं सांगितलं का नाही?"

आबा म्हणाले, "माझं नाव तू घेतीस की घरात. सावळ्याचं कोन घेतंय?"