खिळ्यावरची घंटी

अकोला, रविवार संध्याकाळ

आत्ताच अमरावतीहून आले. चहा केला, तो तसाच गार होतोय.

तिथल्या वृद्धाश्रमात आईला कोणाला बोलवायचं झालं तर वाजवायला मीच नेऊन दिलेली पितळी घंटी आज वर खिळ्याला टांगलेली दिसली. पलंगावरून आईचा हात पुरणारच नाही इतकी वर. आधाराशिवाय तिला उठता येत नाही. मग ती बोलावते कशी?

विचारलं मी. पण कधी, तर तिथल्या मॅडम चहा घेऊन समोर उभ्या असताना! आई लगेच म्हणाली, "मले काय तरास हाय इथं? सारे लय करतेत माह्यासाठी."

दुसरं काय म्हणणार? ज्यांच्या घरी जेवलो त्यांना तोंडावर नावं ठेवायची नाहीत, हे आम्हाला तिनंच शिकवलं.

मॅडम हसल्या. "फार वाजवतात हो, म्हणून वर ठेवली." मीही हसले. शिवाय चहा छान झाला म्हटलं. काहून म्हटलं मी तसं?

निघताना आईनं एकदा खिळ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं, आणि बस चुकेल म्हणून चपला घातल्या.

घंटी काढून तिच्या उशाशी ठेवायची, एवढंच तर होतं. माझा हात पुरत होता.