आता कुणीच हातानं चढवत नाही

प्रिय मास्तरीण,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. तुझी लेक सांगत होती की आता जिना एकटी उतरतेस आणि व्यायाम करून घेणाऱ्या बाईंच्याच चुका काढतेस. ऐकून जिवात जीव आला. म्हणजे आमची मास्तरीण जागेवर आहे.

आता ऑफिसची खबर ऐक. तू दवाखान्यात गेलीस आणि सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कसं करायचीस गं तू? आपलं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या रक्तपेढ्यांची वर्दळ ओसरली की आम्हाला गप्प बसवायचीस आणि एकेक फाइल उचलून एकेक आज्ञा टाइप करायचीस. आम्ही मागं श्वास रोखून उभे. मी पहिल्याच खेपेला जुनी फाइल चढवली. कुठल्या गटाच्या रक्ताच्या किती पिशव्या शिल्लक आहेत, ते कुठल्याच रक्तपेढीला दिसेचना. ती मंडळी फोनवरून एकमेकांना विचारत बसली आणि इकडे मला दरदरून घाम. कुणाचं अडलं नाही, हे नशीब.

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, हे काम माणसाकडून काढून घेऊ या, सगळं आपोआप तपासून चढवणारी पाइपलाइन बसवू या. ते म्हणाले, “इतकी वर्षं चाललं ना? कशाला खाजवून खरूज काढायची?” मी म्हटलं, “मास्तरीण होती म्हणून चाललं, साहेब.” यावर त्यांनी “बघा मग करून,” म्हणून मला वाटेला लावलं.

सुरुवात अगदी छोटी केली. कुणीही कोड जमा केला की पाइपलाइननं आपणहून त्याचं बिल्ड करायचं, म्हणजे त्यातून चालतं सॉफ्टवेअर बांधायचं, आणि चुका शोधणाऱ्या सगळ्या टेस्ट चालवायच्या, बस्स. तर कितीतरी दिवस स्क्रीन लालच, म्हणजे नापास! माझ्या मशीनवर गुमान चालणारं तिथं चालेना. डोकं फोडून घेतल्यावर कळलं, माझ्या मशीनवर तूच कधीतरी काहीबाही बसवून दिलं होतंस आणि ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. तुला इतक्या शिव्या घातल्या की उचक्यांनी हैराण झाली असशील. शेवटी हिरवं झालं तेव्हा साहेबसुद्धा खुर्चीतून उठून बघायला आले. मग तीच पाइपलाइन आधी चाचणीच्या सर्व्हरवर नेली आणि नंतर खऱ्या सर्व्हरवर. आता आम्ही फक्त एक बटण दाबतो. काही बिनसलं तर जुनी आवृत्ती आपोआप परत येते.

आणि परवाची गंमत. मी रक्तगट जुळवायच्या भागात एक बारीकसा बदल केला. बारीकसाच, शपथ! पाइपलाइन जागच्या जागी अडली. बघते तर तू लिहिलेली टेस्ट: निगेटिव्ह गटाच्या रुग्णाला पॉझिटिव्ह पिशवी सुचवली जाता कामा नये. “एवढं कोण चुकणार?” म्हणून आम्ही हसलो होतो ना, तीच. चालवायला कुणाला वेळ नसायचा, पाइपलाइनला मात्र असतो. चुकले ती मीच. ती चूक बाहेर पडलीच नाही. मी उभी राहून ओरडले, “मास्तरणीनं पकडलं!”

त्याच दुपारी साहेबांनी मला आत बोलावून तुझा राजीनामा दाखवला. “उजवा हात थरथरतो. या हातावर आता माझाच भरवसा नाही,” असं लिहिलं आहेस. वाचून मी साहेबांसमोरच रडले. अगं वेडाबाई, आता आम्ही कुणाच्याच हातावर भरवसा ठेवत नाही, माझ्या तर नाहीच नाही. एखादं अक्षर चुकलं तर चुकू दे, अडवायला पाइपलाइन आहे. पण माणसं कुठं चुकतील हे आधीच ओळखून टेस्ट लिहिणारी तूच एक आहेस, आणि अजून कितीतरी टेस्ट लिहायच्या राहिल्यात. साहेबांनी राजीनामा मंजूर केलेला नाही. म्हणाले, “तुम्हीच विचारा. माझं त्या कुठं ऐकतात!” म्हणून हे पत्र तुझ्या लेकीच्या हाती दिलंय आणि मी खाली गाडीत बसलेय. वाचून झालं की खिडकीत ये. नाहीच म्हणायचं असेल, तर माझ्या तोंडाकडे बघून म्हण.

तुझीच,
धांदरट