खड्यांना रकाना नव्हता

आष्टा, रविवार,
सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे

ती. मल्हारदाजींचे सेवेशी,

आपला मेहुणा बाळासो याचा आष्ट्याहून दोन्ही हात जोडून नमस्कार. आपल्या उजव्या गुडघ्याची सूज उतरली असेल, शेळ्या सुखरूप असतील आणि ताई नेहमीप्रमाणे सगळ्यांवर ओरडत असेल (म्हणजे तब्येत ठीक आहे) असे धरून चालतो. आमच्याकडे सर्व क्षेम आहे. हे शेवटचे वाक्य पद्धत म्हणून लिहिले आहे, त्यावर विसंबू नये. फोन सोडून पत्र कशाला, असे आपण म्हणाल. आपला फोन ताई उचलते, उचलल्याबरोबर स्पीकर लावते, आणि मग आपल्या वस्तीवर ज्यांना ऐकू येते ते सगळे ऐकतात. मला जे सांगायचे आहे ते आपल्या थोरल्या बहिणीबद्दल, आमच्या बनाआक्कांबद्दल आहे. ते स्पीकरवर सांगण्याजोगे नाही.

पहिल्यापासून सांगतो, म्हणजे चूक कुठे झाली ते आपल्यालाच दिसेल. गेल्या महिन्याच्या चार तारखेला सुबत्ता बझारच्या आष्टा शाखेचा मॅनेजर म्हणून माझी नेमणूक झाली. दहावीला इंग्रजीत एकोणीस मार्क पडलेला माणूस नऊ शाखांच्या कंपनीत मॅनेजर होतो, ही गोष्ट साधी नाही. इंग्रजी मी बिस्किटाच्या पुड्यांच्या पाठीवरून शिकलो आणि हिशेबाची सगळी अंगे पुडी बांधायच्या रद्दीतून. वजनकाट्यावर एकोणीस वर्षे उभा राहिलो, आणि मूठभर ज्वारी हातात घेऊन ती मंगळवेढ्याची की माणची, हे आजही डोळे मिटून सांगतो. (सांगलीच्या मुख्य ऑफिसात हे सांगितले तर एक जण म्हणाला, आता ज्वारी पाकिटात येते, पाकिटावर छापलेले असते.) केबिन मिळाली आहे. ती काचेची आहे आणि तिची एक भिंत संडासाला लागून आहे. खुर्ची फिरती आहे, पण बसले की ती आपोआप खाली जाते. त्यामुळे कुणी आत आले की त्याला आधी माझे डोके दिसते आणि मग मी उठेपर्यंत तेवढेच दिसत राहते. रोज सव्वाआठला सर्वांनी हसतमुख उभे राहून फोटो काढून सांगलीच्या ग्रुपवर टाकायचा असतो. पहिल्या दिवशी माझा फोटो परत आला. हसणे पुरेसे नाही, असे विश्वजित साहेबांनी कळवले. हे आमच्या विभागाचे अधिकारी, वय वर्षे एकोणतीस.

याच साहेबांनी पहिल्या आठवड्यात एक तक्ता पाठवला. प्रत्येक कामगाराचे नाव, काम आणि त्या कामाला लागणारा वेळ. मला वाटले, दसऱ्याला उत्कृष्ट सेवकाचे बक्षीस द्यायचे असणार. दाजी, असे वाटायला कारण आहे. एकोणीस वर्षांत वरून जे जे कागद आले, ते एक तर सुट्टीचे होते नाही तर बक्षिसाचे. मी तक्ता मन लावून भरला. दुसऱ्या शाखांनी अंदाजे आकडे टाकले असतील. मी घड्याळ लावून आठ दिवस मोजले. आपल्याला ठाऊक आहे की आमच्याकडे धान्य निवडायला दोघी आहेत, बनाआक्का आणि राणी. राणी तरुण आहे, हात चपळ आहे. तीस किलो तूरडाळीच्या कट्ट्याला, म्हणजे एका पोत्याला, राणीला एक तास बावन्न मिनिटे लागतात. आक्कांना दोन तास सदतीस. मग मी दोघींचा निवडलेला एकेक कट्टा घरी नेला आणि तीन संध्याकाळ बसून पुन्हा स्वतः निवडला (बायको माहेरी जायला निघाली होती). राणीच्या कट्ट्यात चौदा खडे निघाले. आक्कांच्या कट्ट्यात एकही नाही. तीस किलोत शून्य, दाजी! मी पुन्हा मोजले. शून्यच.

पण तक्त्यात वेळेला रकाना होता, खड्यांना नव्हता. मी लाल शाईने शेजारी एक रकाना आखला आणि त्यात चौदा आणि शून्य लिहिले. आमची कॅशियर क्रांती तो तक्ता कॉम्प्युटरवर चढवत होती. ती म्हणाली, 'काका, हा रकाना घेतच नाही ओ मशीन.' मी म्हणालो, 'राहू दे, पण वेळ अचूक टाक. सेकंद सोडलेस तरी चालतील, मिनिटे सोडू नकोस.' खाली माझी सही आहे. पूर्ण नाव, वळणदार.

तक्ता गेल्यावर अकराव्या दिवशी सांगलीहून पाकीट आले. यापुढे प्रत्येक शाखेत निवडायला एकच बाई ठेवायची. सोबत आक्कांच्या नावाचे, कामावरून कमी केल्याचे पत्र होते आणि आधार म्हणून माझा तक्ता जोडला होता. एवढा अचूक तक्ता नऊ शाखांत दुसरा नाही, असे साहेबांनी वर पेन्सिलीने लिहिले होते. मी फोन केला. खड्यांचे सांगितले. ते म्हणाले, 'काका, खड्याची तक्रार वर्षात किती आली?' मी म्हणालो, एकही नाही. 'मग झालं तर,' ते म्हणाले. तक्रार का आली नाही ते मी सांगणार होतो, तेवढ्यात त्यांना दुसरा फोन आला.

आता, एकोणीस वर्षांपूर्वी मला या दुकानात कुणी लावले हे आपल्याला मी सांगायला नको. आक्का म्हाताऱ्या मालकांच्या पुढ्यात सूप घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमच्या भावजयीचा भाऊ हाय, हिशेबाला पक्का हाय, घ्या. एवढ्यावर मला घेतले. त्याच आक्कांच्या हातात ते पत्र मला द्यायचे होते.

बढतीआधी सांगलीत आमचे तीन दिवसांचे शिक्षण झाले होते. तिथे शिकवले की कडू बातमी द्यायची असेल तर आधी स्तुती करायची, मध्ये बातमी सांगायची आणि शेवटी पुन्हा स्तुती. मी वहीत उतरवून घेतले होते. त्याप्रमाणेच करायचे ठरवले. पण आपल्या भागात नुसती तोंडी स्तुती कुणी केली तर माणसाला वाटते, याला उसने पाहिजे. इथे स्तुती म्हणजे सत्कार. मी शाल आणली, श्रीफळ आणले, गुलाबाचा हार आणला. मंगळवारी दुपारी तीन वाजता, गिऱ्हाईक कमी असते तेव्हा, सगळ्यांना तेलाच्या डब्यांपुढे उभे केले. स्तुतीचा पहिला भाग नऊ मिनिटे चालला. शून्य खड्यांचा आकडा मी चारचौघांत सांगितला, तेव्हा आक्कांनी पदर तोंडाला लावला. मग मधला भाग आला. मी म्हणालो, 'आक्कांनी आता विश्रांती घ्यावी, अशी वरिष्ठांची इच्छा आहे.' यावर टाळ्या पडल्या. टाळ्या थांबेपर्यंत माझा धीर गेला होता, म्हणून मी थेट शेवटच्या स्तुतीवर आलो. पत्राचे पाकीट श्रीफळाखाली ठेवून हातात दिले. फोटो काढला. त्या फोटोत मी पुरेसा हसलो आहे, असे सांगलीहून कळवले गेले.

बुधवारी सकाळी आठ वाजता आक्का हजर. नारळ फोडून त्याची चटणी करून सगळ्यांना आणली होती. शालीची चौपदरी घडी घालून बुडाखाली घेतली आणि सूप पुढ्यात ओढले. हजेरीच्या यंत्राने त्यांचा अंगठा घेतला नाही, लाल दिवा लागला (नाव सांगलीहून काढले होते). 'पावनं, डाळ निवडून निवडून अंगठा झिजला वाटतं,' त्या म्हणाल्या. मी म्हणालो, 'तसंच असंल.' दाजी, मापात असो की बोलण्यात, खोटे मी आयुष्यात केले नव्हते. हे पहिले.

आज बारा दिवस झाले. त्या येतात, निवडतात, जातात. अंगठ्याला रोज गोडेतेल लावून बघतात. फोटोच्या वेळी मी त्यांना काही तरी काम सांगून मागच्या दाराकडे पाठवतो. राणीला सगळे ठाऊक आहे, ती खाली मान घालून बसते आणि हल्ली तिलाही अडीच तास लागतात (मी मोजले नाही, नजरेने सांगतो). येत्या गुरुवारी विश्वजित साहेब तपासणीला येणार आहेत. कमी केलेली बाई कामावर दिसली तर माझी खुर्ची जाईल, ते एक असो, ती तशीही खाली जातेच. पण एकोणतीस वर्षांचा मुलगा आक्कांना सूप खाली ठेवा म्हणेल, सगळ्यांदेखत. ते मला बघवणार नाही.

बाकी ठीक. पाऊस बेताचा आहे. ताईस नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
बाळासो
(शाखा व्यवस्थापक)

ता. क. हे पत्र ताईला वाचून दाखवू नये. दाखवलेच तर कंसातले गाळून दाखवावे.

ता. क. दुसरा. पत्र लिहिण्याचे कारण लिहायचे राहिले. आपण बुधवारी सकाळची गाडी धरून, कराडला बदलून, इथे यावे आणि गुडघ्याचे निमित्त काढून आक्कांना महिनाभर वडूजला न्यावे. शेळ्यांकडे बघायला माणूस नाही म्हणावे. कामावरून काढल्याचे तिथे, घरात, आपल्या सवडीने सांगावे. आपण भाऊ आहात, आपल्या तोंडून ते बरे वाटेल. एवढे काम माझे करावे. (टपालाला वेळ लागेल म्हणून पत्र आजच्याच एसटीने धाडतो आहे.)

ता. क. तिसरा. (सकाळचे अकरा पंचवीस.) पाकीट चिकटवणार तोच आक्का केबिनमध्ये आल्या. माझे डोके बघून म्हणाल्या, 'कुणाला लिवताय, मल्हारला?' मी हो म्हणालो. 'माझं लिवलंय?' मी पाकीट हाताखाली ओढले. मग त्या म्हणाल्या, 'आवं, त्या पाकिटातलं क्रांतीनं मला त्याच दिवशी वाचून दावलंय. दोनदा वाचाय लावलं मी तिला.' मी विचारले, मग रोज का येता? तेव्हा जे म्हणाल्या ते जसेच्या तसे लिहितो. 'मला हितं कुणी कागद धाडून बोलावलं न्हवतं. थोरल्या मालकांनी दारात हुबं ऱ्हाऊन, ये म्हणून सांगितलं, तवा आले. तुमाला बी तोंडानंच लावलं मी. आता जा म्हणायचं असंल तर तोंडानं म्हणा. म्हणा, मी जाते. लय येळ लागत न्हाई त्याला.'

मी साडेतीन मिनिटे उभा होतो. समोर घड्याळ होते म्हणून सांगतो. त्याही उभ्या होत्या. शेवटी मी विचारले, 'तुरीचा कट्टा किती राहिलाय?' 'अर्धा,' त्या म्हणाल्या आणि जाऊन सुपापुढे बसल्या.

तेव्हा दाजी, गुडघ्याचे निमित्त आता उपयोगाचे नाही, आणि त्यांना सांगण्याचे कामही आपल्यावर टाकत नाही. ते मी बुधवारी चार वाजता करणार आहे, आक्का त्या दिवसाचा कट्टा संपवून सूप झाडतील तेव्हा. तरीही आपण या. मी बोलेन तेव्हा त्यांच्या शेजारी कुणी तरी घरचे उभे पाहिजे. माझ्या शेजारी उभे राहू नका.