स्वयंपाकघरातलं तापमान

दारिया,

पहाटेपर्यंत शेगडीशी जागलीस, म्हणून उठवलं नाही. लाकडं घातली आहेत, दहापर्यंत पुरतील. पातेल्यात बोर्श आहे, गरम करून खा. बाहेर उणे अडतीस आहे. नळ बारीक सोडलाय, तो बंद करू नकोस, पाइप फुटेल.

मुलांना गावातल्या शाळेत नेतोय. नाव घालूनच येईन. दोघांना घरीच शिकवायचं ठरलं होतं, ते विसरलो नाही. काय भांडायचं ते आल्यावर भांड.

काल हाल्याची गणिताची वही पहिल्यांदा उघडली. रोज सकाळी स्वयंपाकघरातलं तापमान लिहायचं, हा अभ्यास तूच दिलास. सोमवारी अकरा, मंगळवारी नऊ, गुरुवारी पाच. प्रत्येक आकड्यापुढे तुझ्या लाल पेननं 'अचूक'. अगं, पाचाला अचूक? पोरगी हातमोजे घालून लिहितेय. युर्कोची बोटं सुजून लाल झालीत, ती तुला दिसली नाहीत असं कसं म्हणू?

मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. बंद पडलेला हीटर बघतो, बघतो म्हणत तीन आठवडे रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी घेऊन फिरलो. गाडीत ऊब असते, दारिया. मला घरी यावंसंच वाटत नव्हतं.

आत्ता बूट घालताना हाल्यानं विचारलं, "बाबा, शाळेत कोट काढून बसायचं असतं?"

मी म्हटलं, "हो."

तर युर्को म्हणाला, "मग आईलापण नेऊ या ना."

ओरेस्त